माझ्या आवाजातलं तिसरं पुस्तक

तिसऱ्या पुस्तकाची फाइल ऑडिओबुकच्या कंपनीकडून आली तेव्हा मी ती स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली, सगळी छापून घेतली आणि स्पायरल मारून घरी आणली. स्टुडिओत समोर टॅब असतो, पण तयारी मला कागदावरच जमते. श्वास कुठे घ्यायचा, कुठलं वाक्य कोणाच्या तोंडचं, कोण खोटं बोलतंय, हे सगळं पेन्सिलीने समासात लिहून ठेवल्याशिवाय मी बूथमध्ये शिरत नसे. पुस्तकं मोठ्याने वाचणं हे माझं काम होतं. लोक ती मोबाइलवर ऐकायचे. भाजी निवडताना, गाडी चालवताना, दुपारी पंखा लावून पडल्या पडल्या. त्याआधी कितीतरी वर्षं मी कार्टूनचं डबिंग केलं. ससा झाले, चेटकीण झाले, एकदा तर बोलणारा कुकर झाले. पोट त्याच्यावरच भरलं, तक्रार नाही. पण पुस्तकं वाचायला लागल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, हे काम आपलं आहे.

ही तीन पुस्तकांची मालिका. भुताखेतांची म्हणतात तशी. स्टुडिओत आम्ही तिला नुसतं 'खाडीची पुस्तकं' म्हणायचो. लिहिणाऱ्या दोघी होत्या, बोरिवलीला एकाच इमारतीत राहणाऱ्या मैत्रिणी. एक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, मूळच्या मालवणकडच्या. दुसऱ्या आयुष्यभर इस्पितळात नर्स. पहिल्या पुस्तकाच्या वेळी दोघी स्टुडिओत आल्या होत्या, डब्यात घावणे घेऊन. तेव्हा कळलं की जिवंत माणसांची प्रकरणं नर्सबाई लिहितात आणि मेलेल्यांची शिक्षिकाबाई. मला उलट वाटलं होतं. तसं म्हटलं तर नर्सबाई म्हणाल्या, "मेलेली माणसं मी पुष्कळ बघितली गं. ती काही बोलत नाहीत. मला ते खोटं लिहिता येत नाही."

शिक्षिकाबाई हसून म्हणाल्या, "म्हणून ते खातं माझ्याकडे."

गोष्ट अशी होती. कोकणातली एक खाडी, तिच्यावर माणसांना ने-आण करणारी होडी आणि त्या होडीवाल्याची मुलगी. खाडीत बुडून मेलेली माणसं ओहोटीला काठाशी येतात आणि राहून गेलेलं एखादं काम सांगतात. अमक्याला निरोप दे, तमकीचं पातेलं माझ्या घरी राहिलंय ते परत कर. त्यांचं बोलणं फक्त या मुलीलाच ऐकू येतं. पहिल्या पुस्तकात ती त्यांची कामं करत हिंडते. दुसऱ्यात लग्न होऊन मुंबईला येते, मुलुंडला मिठागरांच्या अलीकडे राहते, आणि पाणी शेवटी एकच म्हणून ती माणसं तिच्या मागोमाग तिथेही येतात. घाबरवणारं त्यात फारसं नव्हतं. मेलेले बिचारे अजिजीने बोलायचे. दुसऱ्याच्या दारात उभं राहून बोलावं तसे.

ते मालवणीत बोलायचे. मला मालवणी येत होती, कारण माझे बाबा तसे बोलतात. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर बसायचे. आई गेली, माझं लग्न झालं नाही, आणि आम्ही दोघंच घाटकोपरच्या घरात उरलो. पुढे त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. ऑपरेशनं झाली, थेंब झाले, पण नजर गेली ती गेलीच. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गोरे, सडपातळ, खिडकीशी खुर्चीत बसलेले असतात, आणि मोबाइल शर्टाच्या खिशात.

पहिली दोन पुस्तकं त्यांनी किती वेळा ऐकली असतील कोण जाणे. शेजारची काकू दुपारी त्यांना चहा द्यायला यायची तेव्हा तिलाही बसवून ऐकवायचे. मी संध्याकाळी घरी आले की चुका सांगायचे. "तो बुडलेलो पोरगो बोलता मा, तेका तू लय म्हातारो केलंस." किंवा, "थयसर तू अडाकलंस गो. श्वास घेतलंस तो आयकाक इलो." मी चिडायचे, पण बहुतेक वेळा त्यांचं खरं असायचं.

तर तिसरं पुस्तक मी घरी बसून वाचायला घेतलं. दुपारी, जेवणं झाल्यावर, बाबांच्या समोरच्या खुर्चीत. मनातल्या मनात वाचायचे, ओठ तेवढे हलायचे. त्यांना पानांचा आवाज यायचा.

"काय झाला गो तेचा?"

"सांगणार नाही. रेकॉर्डिंग झालं की ऐका."

"मेला काय कोण?"

"बाबा, त्यात सगळे मेलेलेच आहेत."

तिसऱ्या पुस्तकात होडीवाल्याची ती मुलगी म्हातारी झालेली आहे. नवरा गेला, मुलांचं बस्तान दुसरीकडे बसलं, आणि ती गावाला परत येते. खाडीवर पूल झालेला. होडी काठावर उलटी पडून कुजलेली, तिच्यात कुत्री व्यायलेली. आणि तिला आता मेलेल्यांचं ऐकू येईनासं झालंय. सुरुवातीला वाटतं की लेखिकांनी यावर काहीतरी तोड काढली असेल, दुसरं कोणीतरी ऐकणारं पुढे येईल, एखादी नात वगैरे. तसलं काही होत नाही. नर्सबाईंची प्रकरणं लांब होत जातात, त्यांत नुसती म्हातारीची दिवसभराची कामं. पेज, औषधाची गोळी, पोस्टात जाणं. शिक्षिकाबाईंची प्रकरणं आखूड होत जातात. मेलेले येतात, बोलतात, वाट बघतात आणि जातात. शेवटी ओहोटीला म्हातारी काठावर येऊन बसते. पाण्यातून सगळे तिला हाका मारतात. दोन्ही पुस्तकांतले, आपल्या ओळखीचे झालेले सगळे. ती पाण्याकडे बघत बसते. भरती लागते, पायाला पाणी लागतं, तिला गार वाटतं. ती उठून घरी जाते. पुस्तक संपतं.

मी शेवटचं पान वाचून तशीच बसले होते. बाबा म्हणाले, "भात करापता बघ." खरंच करपला होता.

त्या हाकांनी माझी झोप उडवली. म्हणजे काम म्हणून. शेवटची काही पानं जवळजवळ नुसत्या हाकाच होत्या, "गो... गो बाय... आयकतंस?" अशा. ऐकणाऱ्याला त्या ऐकू यायला हव्यात आणि तरीही कळायला हवं की म्हातारीला त्या ऐकू जात नाहीयेत. ते कसं करायचं? ओरडून करून बघितलं तर नुसता आरडाओरडा झाला. कुजबुजून केलं तर सिनेमातलं भूत झालं. एकदा इमारतीच्या गच्चीवर जाऊन मोकळ्या आवाजात हाक मारून बघितली, तर समोरच्या इमारतीतून एक बाई खिडकीत आली आणि म्हणाली, "काय गं, कोणाला बोलावतेस? मांजर हरवलं का?" म्हणजे हाक पोचली. म्हणजे फसली.

शेवटी एका सकाळी भांडी घासताना मला ते सापडलं. हाक मारणाऱ्यालाही आता कळून चुकलेलं असतं. पहिल्या हाकेत आशा असते, दुसरीत राग असतो, आणि त्यानंतर माणूस सवयीने हाक मारत राहतो. आवाज वाढत नाही, उलट उतरत जातो, रोजच्या बोलण्याइतका होतो. समोरचा माणूस शेजारीच बसला असावा तसा. मी नळ बंद केला आणि हात पुसायच्या आधी तशी हाक मारली. आतून बाबांनी ओ दिली नाही. त्यांना ऐकू आलं होतं, पण ती आपल्यासाठी नाही हे त्यांना कळलं असावं. मी धावत जाऊन समासात लिहून ठेवलं.

मग मी रेकॉर्डिंगच्या तारखेची वाट बघू लागले. तारीख काही येईना. मी मेसेज केला, तर 'लवकरच कळवू' म्हणून उत्तर आलं, शेवटी एक हसरा चेहरा.

एका दुपारी आमच्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. पहिली दोन्ही पुस्तकं त्यानेच रेकॉर्ड केली होती. चेंबूरचा, माझ्यापेक्षा बराच लहान, पण कानाचा असा पक्का की माझ्या पोटातली गुरगुरही काचेपलीकडून ऐकून म्हणायचा, "ताई, आधी काहीतरी खाऊन घे." तो म्हणाला, "घाटकोपरला आहेस ना? मी मेट्रोच्या खाली उभा आहे. चहा घेऊ."

मी गेले. त्याने चहा मागवला आणि पिईना.

"बोल ना रे."

"ताई, तिसरं पुस्तक झालं."

"झालं म्हणजे? कोणाकडून वाचून घेतलं?"

"तुझ्याकडून." तो खाली बघत होता. "म्हणजे मशीनकडून. पहिल्या दोन पुस्तकांचं तुझं सगळं रेकॉर्डिंग त्याला दिलंय. टेक, रिटेक, तू मध्ये मध्ये गप्पा मारायचीस ते पण. आता ते तुझ्यासारखं वाचतं. काहीही टाइप केलं की वाचतं."

मी विचारलं, "मालवणी पण?"

"त्यात जरा वाट लागलीय. पण करतायत."

"मला विचारलं नाही कोणी."

"दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी करारावर सही घेतली होती ना, त्यात होतं म्हणे. मला पण आत्ताच कळलं. आईशप्पथ ताई."

मी त्याला म्हटलं, चहा पी, गार होतोय. त्याच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. त्याला मला फोनवरही सांगता आलं असतं, किंवा सांगितलंच नसतं तरी चाललं असतं. तो चेंबूरहून उठून आला होता.

थोड्या दिवसांनी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. गोड बोलणारी, नेहमी 'मॅम मॅम' करणारी. "मॅम, खाडीवाल्या बुकमध्ये थोडे पिकअप्स आहेत, परत बोलून घ्यायचे. काही काही वर्ड्स नीट येत नाहीयेत. तुम्ही येऊन जाल का? हाफ डेमध्ये होईल." मी काय उत्तर द्यावं यावर आधी बराच विचार करून ठेवला होता. सुनवायची वाक्यं तयार होती. पण फोनवर मी म्हटलं, "येते." का म्हटलं, ते मलाही नीट सांगता येत नाही. पुस्तक माझ्या मनात बसलं होतं. दुसरं काम हातात नव्हतं. आणि कुठेतरी असंही वाटलं असेल, की मला समोर बघून ते म्हणतील, जाऊ दे, तुम्हीच वाचा सगळं.

अंधेरीला एका औद्योगिक वसाहतीच्या तळघरात तो स्टुडिओ. बूथमध्ये एसी बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. मी हेडफोन घातले. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे, त्याच्या शेजारी ती मुलगी. तो टॉकबॅकचं बटण दाबून म्हणाला, "ताई, आधी मागचं वाक्य ऐकवतो, मग तू शब्द टाक." आणि त्याने लावलं.

माझा आवाज वाचत होता. म्हातारी गावी येते ते पहिलं प्रकरण. मला वाटलं होतं, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं काहीतरी असेल, ऐकून हसू येईल. तसं नव्हतं. चांगलं होतं. 'कुजलेली' म्हणताना मी 'कु'वर किंचित थांबते, तीसुद्धा लकब त्यात होती. वाक्याच्या शेवटी मी जशी खाली उतरते तसंच ते उतरत होतं. मी कधीच न वाचलेली वाक्यं मी वाचत होते. वाईट असतं तर बरं झालं असतं.

चुकत होते ते शब्द असे: 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून राहा, हे दोन्ही ते एकसारखंच म्हणत होतं. 'चारा'तला च चहासारखा. 'माझा'मधला झ हिंदीतल्या 'झाडू'सारखा. मराठी माणूस हे शिकत नाही, त्याला ते येतं. मी एकेक शब्द म्हणत गेले. जग. चारा. माझा. चाक. आजो. नुसते सुटे शब्द, मागे-पुढे काही नाही. तो म्हणायचा, "अजून एक, जरा फ्लॅट." मी भाव काढून, सपाट द्यायचे. मग मालवणीच्या ओळी आल्या, तुकड्या-तुकड्यांनी. मेलेल्यांच्या तोंडच्या. कोण बोलतोय, कोणाशी, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. मला ते माहीत होतं म्हणून बरं.

शेवटी मी म्हटलं, "त्या हाका आहेत ना, शेवटच्या पानांवरच्या, त्या मी करते."

मुलगी म्हणाली, "मॅम, त्या झाल्यात. उच्चार ओके आहेत त्यात."

"एकदा करून बघू दे. नाही आवडल्या तर नका घेऊ."

तिने घड्याळ बघितलं. मग मान हलवली.

मी पाणी प्यायले. स्पायरल उघडून स्टँडवर ठेवली आणि केल्या. सगळ्या सलग केल्या. पहिली आशेने, दुसरी रागाने, आणि मग उतरत उतरत. बुडालेला पोर, पुढे स्वतःही बुडालेला होडीवाला, परत न केलेल्या पातेल्याची ती बाई. शेवटची हाक मारली आणि थांबले. हेडफोनमध्ये काहीच येईना. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बटणावर बोट ठेवून बसला होता, ते त्याने दाबलं नव्हतं. ती मुलगीही मोबाइल बघत नव्हती. मग ती स्वतःच वाकून बोलली, "मॅम, हे खूप छान होतं." मनापासून बोलली ती. मी बाहेर आले तेव्हा तिने माझा हात धरला. मेट्रोत बसल्यावर मी बऱ्याच दिवसांनी खुशीत होते. म्हटलं, चला, पुस्तकाचा शेवट तरी माझा.

दोन-तीन दिवसांनी रेकॉर्डिस्टचा मेसेज आला. 'ताई हाका नाही घेतल्या. टोन मॅच होत नाही म्हणाले.'

मी फोन लावला. "टोन मॅच होत नाही म्हणजे काय रे? कोणाशी?"

"बाकीच्या पुस्तकाशी."

"बाकीचं पुस्तक मीच आहे ना?"

"तुझा आवाज आता जरा जाड झालाय ताई. पहिलं पुस्तक केलं त्याला तीन-चार वर्षं झाली. ते मशीन त्या वेळची तू आहे. सुटे शब्द खपून जातात, पण तुझी हाक मध्येच आली की दुसरीच बाई बोलल्यासारखं वाटतं." आणि मग, "मी भांडलो. खरंच भांडलो यार."

मला ते खरं वाटलं.

त्यानंतर मी शिक्षिकाबाईंना फोन केला. आधीच करायला हवा होता, पण वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. त्यांनी फोन उचलला तोच आनंदाने. "अगं, आत्ताच आम्ही दोघी तुझ्याबद्दल बोलत होतो! त्यांनी नमुना पाठवलाय ऐकायला. काय वाचलंयस गं! ही तर रडली."

मी म्हटलं, "बाई, ती मी नाही." आणि सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला, त्यांनी नर्सबाईंना काहीतरी सांगितलं. मग म्हणाल्या, "पण ती तूच होतीस की. मी शप्पथ घेईन."

"आवाज माझाच आहे. वाचलं मी नाही."

"आम्ही सही करून बसलोय गं," त्या म्हणाल्या. "आम्हाला काय कळतं त्यातलं. मी बोलून बघते हं त्यांच्याशी." आवाज एकदम म्हातारा झाला होता. पुढे त्या बोलल्या की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी पुन्हा फोन केला नाही. दिवाळीला मेसेज आला, पणत्यांचा. मीही पणत्याच पाठवल्या.

पुस्तक बाहेर आलं. बाबांच्या मोबाइलवर मी ते लावणार नव्हते, पण शेजारच्या काकूच्या सुनेने त्यांना सांगितलं की तिसरं आलं, आणि तिनेच लावून दिलं. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा खिडकीशी माझा आवाज वाचत होता आणि बाबा मान हलवत ऐकत होते. मी चप्पल काढून तिथेच उभी राहिले.

"इलंस? बस हय. ह्या झकास वाचलंस गो."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. "बाबा, हे मी नाही वाचलेलं."

"मगे कोणी?"

"मशीनने. माझा आवाज घेऊन मशीनने वाचलंय."

ते मोठ्याने हसले. "खुळावलंस काय? माज्या चेडवाचो आवाज माका कळाचो नाय?" आणि माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "हेच्यात तू खयसर अडाकलंस नाय. एकदापण नाय. मी सांगी होतंय मा, श्वास सांभाळ म्हणान. सांभाळलंस."

मी आत जाऊन कुकर लावला. त्यांना दुसऱ्यांदा सांगायचं माझ्याने झालं नाही. सांगितलं असतं आणि पटलं असतं तर काय झालं असतं? त्यांना दिसत नाही. घरातली माणसं, चहा आणणारी काकू, मी, सगळी त्यांना आवाजावरून कळतात. तेवढंच त्यांच्याकडे उरलंय. तेही खरं धरू नका, असं मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी नाही सांगितलं.

त्या कंपनीकडून मग काम आलं नाही. इतर दोन-तीन ठिकाणी विचारलं, सगळे सभ्यपणे बोलले. एकाने नमुना मागवला, मी पाठवला, त्याचं उत्तर आलं की आवाज परिचित वाटतो, वेगळं काही असेल तर बघा. डबिंगच्या जुन्या ओळखीही काढून बघितल्या. तिथे आता नवी मुलं आहेत, आणि त्यांचीही कामं कमीच होत चाललीत.

आता मी घाटकोपरलाच एका दातांच्या दवाखान्यात बसते. फोन घेते, वेळा देते, आत कोण आहे ते बघते. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. फोनवर माझं 'नमस्कार, बोला' ऐकून बरेच लोक गप्प बसतात. त्यांना वाटतं रेकॉर्डिंग आहे, पुढे बटणं सांगेल. मला दोनदा-तीनदा म्हणावं लागतं, "बोला ना, मी बोलतेय." एक आजोबा तर एकदा म्हणाले, "मराठीसाठी कितवा नंबर?" मी म्हटलं, "आजोबा, मी माणूस आहे." ते म्हणाले, "हो का? सॉरी हं," आणि गडबडून फोन ठेवला. पुन्हा केलाच नाही त्यांनी.

स्पायरल घरात आहे. एकदा सुट्टीच्या दिवशी ती काढून मी पुन्हा वाचायला घेतली, फक्त वाचायचं म्हणून, कामासाठी नाही. पहिल्या पानापासूनच ते जमेना. डोळे ओळीवर होते आणि डोक्यात ते मशीन वाचत होतं, जरा तरुण, कुठेही न अडखळता. मी माझ्या खुणांकडे बघत होते. इथे श्वास, इथे थांब. ते थांबत नव्हतं. मी ओठ हलवून बघितले, मोठ्याने वाचून बघितलं, तर माझंच मला चुकीचं वाटायला लागलं. शेवटपर्यंत गेलेच नाही.

बाबांचं पुस्तक मात्र, पुरवून पुरवून ऐकत, शेवटी संपलं. त्या दिवशी मी दवाखान्यातून आले तर ते खिडकीशी बसले होते. मोबाइल मांडीवर.

"संपला," ते म्हणाले.

"कसं वाटलं?"

"ती म्हातारी गेली घराक. सगळे साद घालीत रवले." त्यांनी हात हवेत हलवला, तसा ते एखाद्या गोष्टीचा काही उपाय नाही म्हणताना हलवतात. "तसाच व्हता तां."

मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. खाली रस्त्यावर नारळवाला हातगाडी ढकलत चालला होता.

"चौथा कदी?" बाबांनी विचारलं.

"चौथं नाहीये बाबा. तीनच होती."

"मगे तू आता काय वाचतलंस?"

"काही नाही."

त्यांनी मान डोलावली. मांडीवरचा मोबाइल उचलून माझ्या दिशेने पुढे केला. "मगे ह्याच लाव परत. सुरवातीपासून."

मी मोबाइल घेतला, पहिलं प्रकरण शोधलं आणि लावलं.